साडूंचं एक वाक्य

माझ्या मोठ्या साडूंइतका हट्टी माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि झाला असं कुणी म्हणत असेल तर त्याने साडूंना पाहिलेलं नाही. मिरजेच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायचो, तिथे ते गुरांसाठी कडबा बारीक कापणाऱ्या कडबाकुट्टी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहीत. छापलेला कागद त्यांना सुधारल्याशिवाय खाली ठेवता येत नसे. माझी लग्नपत्रिका हाती पडताच त्यांनी तिच्यावर औंधहून येणाऱ्या एसटीच्या वेळा लिहिल्या आणि ती मला परत पाठवली. औषधाबरोबरचा कागद ते जेवता जेवता शेवटपर्यंत वाचत आणि औषध घ्यायचं विसरत. लोक त्यांना चक्रम म्हणायचे. म्हणोत बापडे.

सत्त्याण्णवच्या सुमारास मालकांनी ठरवलं की यंत्राची माहिती तीन रूपांत द्यायची: पुस्तक आणि भिंतीवरचा तक्ता होतेच, आता विक्रेत्यांसाठी फ्लॉपीही. त्यासाठी सॉफ्टवेअर दाखवायला पुण्याहून दोघे आले. पहिल्याचा पडदा रंगीबेरंगी होता, मालक हरखून गेले. साडूंनी त्याला एकच वाक्य टाइप करायला सांगितलं: 'पातं साफ करण्याआधी बटण बंद करा.' मग म्हणाले, त्यात 'आणि प्लग काढा' घाला आणि तिन्हीकडे दाखवा. तो बिचारा तीन ठिकाणी वेगवेगळं टाइप करू लागला. साडूंनी त्याच्यासाठी चहा मागवला. म्हणजे त्याचा निकाल लागला होता. दुसऱ्याचा पडदा करडा, नुसती अक्षरं आणि मधेमधे खुणा. पण एका जागी केलेली दुरुस्ती पुस्तकात, तक्त्यावर आणि फ्लॉपीत आपोआप उतरली. साडूंनी ती त्याच्याकडून तीनदा करून घेतली.

मालकांनी रंगीत निवडलं. साडूंनी शांतपणे सांगितलं की पुस्तक छापायला आपली सही लागते, ती मिळणार नाही. मिटिंगा झाल्या, स्टोअरमध्ये बदलीची धमकी झाली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर साडूंनी आपलं टेबल स्वतःच ओढत स्टोअरमध्ये नेलेलं. तीन आठवडे पुस्तकाविना यंत्रं अडून राहिली, तेव्हा कुठे मालक म्हणाले, घ्या तुमचं करडं.

त्यावर केलेला पहिला तक्ता छापून आला, तेव्हा तो काखेत मारून साडू मला वडूजला घेऊन गेले. एवढा अट्टाहास कशासाठी, ते एसटीत कळलं. आदल्या वर्षी प्लगची दुरुस्ती त्यांनी पुस्तकात केली, तक्ता जुनाच गेला. वडूजच्या एका बाईंनी बटण बंद करून पात्याला हात घातला, येणाऱ्याजाणाऱ्या कुणाचा तरी धक्का बटणाला लागला आणि त्यांची दोन बोटं गेली.

"तक्ता माज्याच हातनं ऱ्हायला, पावणं," साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले.

बाईंच्या गोठ्यात आम्ही नवा तक्ता ठोकला. बाई तक्त्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आवं, मला कुटं वाचता येतंय? काय लिवलंय ते सांगा की."

साडूंनी वाचून दाखवलं.

"ह्ये तवाच येऊन सांगायचं व्हतं," बाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या दिवसानंतर यंत्र कुठल्याही गावात बसो, साडू तिथे जायचे आणि घरातल्या एकेकाला समोर उभं करून ते वाक्य तोंडाने सांगायचे. रिटायर झाल्यावरही, पदरच्या तिकिटाने. मालकांनी नको म्हटलं तरी.

आता ते नाहीत. त्यांची फार आठवण येते. आमच्याकडे मिक्सर धुवायचा असला की बायको आधी ते वाक्य मोठ्याने म्हणते, आणि मी उठून प्लग काढतो.