भाजलेली असते ती

"चांगल्या घरातली दिसते बाई. हिला कसा काय तोंडाचा?"

दवाखान्यात आमच्या मागच्या बाकावरचा माणूस आपल्या बायकोला हळू आवाजात म्हणाला, पण आईला ऐकू गेलं. तिनं पदर गालावर ओढून घेतला. बायॉप्सीचा, म्हणजे गालाच्या आतला बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट माझ्या मांडीवर होता. त्यातला कार्सिनोमा हा शब्द मला कळला होता. तो आईला सांगायचं काम मी डॉक्टरांवर सोडलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं. गालाचा कॅन्सर आहे, जबड्यापर्यंत गेलाय. मग त्यांनी विचारलं, "काकू, तंबाखू खाता?"

"नाय हो."

"गुटखा, सुपारी?"

"कधीच नाय."

आई खोटं बोलत नव्हती.

"दात कशानं घासता?"

"मिश्रीनं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ती तंबाखूच असते, काकू."

"नाय, ती भाजलेली असते," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. शिकलेल्या मुलीनं डॉक्टरांना समजावून सांगावं, असं तिला वाटत असणार. मी रिपोर्टकडे बघत राहिले.

आईचं माहेर सिन्नरचं. तिथं ती आणि मावशी लहानपणापासून विड्या वळायच्या. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी यायची, वळलेल्या विड्या परत जायच्या. कुठल्या तरी लांबच्या शेतातली ती तंबाखू पोत्यांतून यायची आणि घरभर बसायची, अंथरुणात, केसांत, पाळण्यात. सुपात उरलेला चुरा तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, की झाली मिश्री. तंबाखू पुरुष खायचे. बायका मिश्री लावायच्या.

लग्नानंतर आई नाशिकरोडला आली. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. विड्या सुटल्या, मिश्रीचा डबा राहिला. शाळेत मी तंबाखूविरोधी पोस्टर काढलं होतं, काळी फुप्फुसं आणि पेटलेली सिगरेट. आईनं ते कौतुकानं स्वयंपाकघरात लावलं. खालच्या फळीवर तिचा डबा होता.

तिच्या गालात आधी पांढरा चट्टा आला होता. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो दुखत नाही. पुढे तिथं जखम झाली आणि दुखायला लागली, तेव्हा आई तिच्यावरच मिश्री दाबून धरायची. मिश्रीनं बधिर होतं, बरं वाटतं. म्हणून डॉक्टरकडे जाणं लांबत गेलं. तुमच्या घरात कुणाच्या तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम किंवा चट्टा असेल, तर दुखायची वाट बघू नका. आम्ही बघितली.

ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा काढला. छातीवरची कातडी गालाला लावली. नाकातून नळी घातली, तिच्यातून मी डाळीचं पाणी सोडायचे. मग रेडिएशन. आईला ट्रिसमस झाला, म्हणजे तोंड उघडेनासं झालं. चमचासुद्धा आत जाईना. नातेवाइकांना आम्ही सांगत होतो, दाढेचं ऑपरेशन झालंय.

गाठ मानेत परत आली. डॉक्टरांनी पप्पांना आणि मला आत बोलावलं. "आता पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे आजार बरा होणार नाही, पण त्यांना दुखू नये म्हणून जे करता येईल ते करू."

बाहेर आल्यावर पप्पांनी घाम पुसला. "सिन्नरला सांगू नकोस," ते म्हणाले. "दाढच सांग."

मावशी आईजवळ राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खमंग, कडवट वास आला. मावशी गॅसवर तवा ठेवून मिश्री भाजत होती. आतल्या खोलीत आईलाही वास गेला असावा. तिचं बोट सवयीनं उठलं, गालापर्यंत गेलं आणि लावलेल्या कातडीवर थांबलं.

मावशी तिच्या पायाशी येऊन बसली. बोट तोंडात. "लवकर बरी हो गं बाई. तुझ्या दाढेचं लय ऐकलं. माझंबी उजवीकडं झोंबतंय कवाचं. मिश्री दाबली की गप बसतं."

आईच्या घशातून आवाज आला. ऑपरेशननंतर तिचं बोलणं फक्त मला कळायचं. तिनं मावशीकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांच्या खोलीत बघितलं होतं तसंच.

पप्पा दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

मी खिडकीचा पडदा सरकवला.

"मावशी, ती दाढ नव्हती. कॅन्सर आहे, मिश्रीनं झालेला, आणि आई आता बरी होणार नाही," मी म्हणाले. "चूळ भर आणि इथं उजेडात बस. तोंड उघड, मला बघू दे."