पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक

लातूरला खाडगाव रोडच्या आतल्या गल्लीत मंजुश्री हलकुडेंचं घर विचारलं तर माणसं विचारात पडतात. ‘डब्यावाल्या मंजुश्रीताई’ म्हटलं की मात्र ऑटोवाला सरळ दारात नेऊन सोडतो, आणि वर आपल्या बायकोनं तिथून काय काय घेतलं तेही सांगतो. म्हणजे त्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं. बाकीचं मंजुश्रीला ठाऊक असतं.

मंजुश्री उदगीरच्या भुसार दुकानदाराची लेक. वडील सिद्धलिंगअप्पा गिऱ्हाईक आलं की आधी पाणी विचारायचे, मग घरचं कसं काय ते, आणि भाव सगळ्यात शेवटी. तेच वळण घेऊन ती लातूरला नांदायला आली. सात वर्षांपूर्वी एका कंपनीचे हवाबंद डबे घरूनच विकायला लागली. पुढच्या खोलीत कंपनीचं रंगीत पुस्तक, मागच्या खोलीत माल. नवरा सोमेश आल्यागेल्याला सांगतो, “आमच्या घरी माणसं चार अन् झाकणं चारशे.”

डबे विकणं सोपं, पण ते गिऱ्हाइकाच्या घरात शिरवणं अवघड, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. बाईला डबा आवडतो. पण घरी नेला की नवरा विचारतो ‘कितीला?’ आणि सासू विचारते ‘कशाला?’ पहिल्याला उत्तर देता येतं, दुसऱ्याला नाही. म्हणून कंपनीची चकचकीत पिशवी मंजुश्रीनं माळ्यावर टाकून दिली. डबा भाजीच्या पिशवीत जायचा, वरून मेथीची जुडी. आणि एकीनं काय घेतलं ते दुसरीला सांगायचं नाही, हा तिचा कायदा. या कायद्यावरच तिचा धंदा चालला होता, पुस्तकातल्या रंगीत चित्रांवर नाही.

तिचं पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक म्हणजे मागच्या गल्लीतली तनुजा सूर्यवंशी. घरी बसून ब्लाऊज शिवायची, त्यामुळं हातात स्वतःचे चार पैसे. घर मोठं, औश्याकडं शेती, धान्य पोत्यानं येणारं. पण स्वयंपाकघर सासूचं. तुळजाबाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी तेलाचे पत्र्याचे डबे कापून, घासून ओळीनं मांडले होते, आणि ‘प्लास्टिकात दाण्याला वास लागतो’ असा निकाल देऊन ठेवला होता. त्या निकालावर अपील नव्हतं.

तनुजानं पहिला डबा घेतला, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेला आणि परत आणला.

“ताई, तुमच्याकडंच राहू द्या. आत्याबाईनं बघितला तर भंगारवाल्याला देतील.” सासूला ती आत्याबाई म्हणायची.

डबा मंजुश्रीच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात राहिला. मग दुसरा, मग चौकोनी चारांचा संच. चार वर्षांत अठरा झाले. गुरुवारी दुपारी तनुजा यायची, कपाट उघडायची, डबे खाली काढून पुसायची, परत मांडायची. फळ्यांवर तिनं ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांची झालर लावली होती. प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी: तूरडाळ, शेंगदाणे, कारळ. आत काहीच नाही. चहा पिऊन ती घरी जायची. जगात कुणाचंही गिऱ्हाईक माल घेऊन जातं; मंजुश्रीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक माल ठेवून जात होतं.

“अगं, हे सगळं कधी वापरणार?” मंजुश्रीनं एकदा विचारलं होतं.

“कधीतरी स्वैपाकघर माझ्या हातात येईल की, ताई. तवर कुणाला सांगू नका म्हणजे झालं.”

“मी कशाला सांगू?” मंजुश्री म्हणाली. शब्द दिला.

यंदा संक्रांतीच्या तोंडावर कंपनीनं टूम काढली. प्रत्येक विक्रेतीनं आपल्या सगळ्यात जास्त खरेदी करणाऱ्या तीन ग्राहकांना घरी बोलवावं, चारचौघींत आभार मानावेत, फोटो विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा; तिन्ही फोटो टाकणारीला ‘लीडर’ची बढती. नांदेडच्या शिल्पा मॅडम, ज्यांनी मंजुश्रीला या धंद्यात आणलं, त्यांचा फोन आला.

“मंजुश्री, तुझा पहिला नंबर तर लई भारी आहे. सौ. तनुजा भागवत सूर्यवंशी. बॅनरच करून आणते मी.”

“मॅडम, बॅनर नको. तिचं नाव तर मुळीच नको.”

“का गं? एवढी घेते, तिचा मान नको?”

“तिला मानच परवडत नाही, मॅडम.”

मॅडमला ते कळलं नाही. नांदेडला त्यांच्या घरी सासू नव्हती.

मंजुश्रीनं मग त्यातल्या त्यात शहाणपणा केला. तिघींनाच बोलवलं तर चौथी विचारणार, तिघीच का. म्हणून हळदीकुंकूच ठेवलं, वाण म्हणून प्रत्येकीला छोटा डबा, आणि गल्लीभर आवतन दिलं. सूर्यवंशींच्या दारातही देऊन आली; तेवढंच एक घर वगळलं असतं तर गल्लीनं आठवडाभर कारण शोधलं असतं. तनुजा येईल, गर्दीत बसेल, तिला हळूच बाजूला घेऊन साडी देऊ, असा तिचा बेत. पण आवतन घराला असतं, बाईला नाही. रविवारी चार वाजता सूर्यवंशींच्या घरातून तुळजाबाई आल्या. डोक्यावर पदर, पायात नवी चप्पल. सून घरी शिलाईला बसवून आल्या होत्या.

त्यांच्या मागोमाग, नांदेडच्या बसमधून उतरून, काखेत बॅनरची गुंडाळी घेऊन शिल्पा मॅडम.

मंजुश्रीनं मॅडमला आधी आत नेलं, पाणी दिलं आणि बॅनर काढून घेतला. भिंतीवर लावताना वरचा हातभर भाग मागं दुमडून टाचण्या मारल्या. बॅनरवर आता दुसरा आणि तिसरा नंबर तेवढे हसत होते.

“अन् पहिला?” मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. “पहिल्याच्या फोटोशिवाय तुला लीडर करणार नाहीत हां.”

“नाही तर नाही.”

दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचा सत्कार झाला. शाल दिली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. तुळजाबाई पुढच्याच रांगेत बसून बॅनर न्याहाळत होत्या.

“मंजुश्री, वरचं का गं दुमडलंय?”

“भिंत कमी पडली, मामी.”

“भिंत तर मोप हाय,” तुळजाबाई म्हणाल्या आणि हात धुवायला आत गेल्या.

मंजुश्री वाणाचं ताट घेऊन फिरत होती. चौथ्या बाईला डबा देताना तिला आठवलं, की हे डबे काढायला मघाशी आपण मागच्या खोलीत गेलो होतो आणि मालाचं आणि तनुजाचं, दोन्ही कपाटं उघडीच राहिली. तिनं ताट शिल्पा मॅडमच्या हातात दिलं आणि आत गेली.

तुळजाबाई कपाटापुढं उभ्या होत्या. डब्यांकडं नव्हे, फळीवरच्या झालरीकडं बघत होत्या. एक तुकडा त्यांनी बोटांत धरला होता.

“हे माझ्या खणाचं कापड हाय,” त्या म्हणाल्या. “दिवाळीला शिवला होता तिनं.”

मंजुश्रीनं कपाटाचं दार लोटायला हात पुढं केला.

“ती वरची चिठ्ठी वाच बरं. चष्मा न्हाई आणला.”

“तूरडाळ.”

“ही?”

“ज्वारीचं पीठ.”

“समदे तिचेच?”

मंजुश्रीनं होकाराची मान हलवली. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं एका गिऱ्हाइकाचं दुसरीला सांगितलं होतं, तेही नेमकं नको त्या बाईला.

तुळजाबाई बाजूच्या स्टुलावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “वेगळी निघायलीय का गं ती?”

त्या आवाजात भांडण नव्हतं. मंजुश्रीला वाटलं होतं, आता गल्ली गोळा होणार. त्याच्याऐवजी ही बाई घाबरली होती.

“तसं कधी बोलली न्हाई, मामी.”

“मंग कुणाच्या घरासाठी जमवायलीय एवढं?”

मंजुश्रीनं खालच्या फळीवरून एक बुटका डबा काढला. गेल्या गुरुवारी तनुजा तो पुसत असताना मंजुश्रीनं त्याच्यावरची चिठ्ठी वाचली होती. ती तिनं आता मोठ्यानं वाचली: “जांभूळ बियांची पावडर. आत्याबाई. सकाळी उपाशीपोटी एक चमचा.”

तुळजाबाईंना साखरेचा आजार होता. पावडर त्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि तिचा दर पावसाळ्यात गोळा व्हायचा. त्यांनी डबा हातात घेतला. झाकण काढलं, लावलं. टक्. परत काढलं.

“घट हाय.”

“हाव.”

“वास बी न्हाई.” हे त्यांनी फार हळू म्हटलं. मग एकदम नेहमीच्या आवाजात, “पर मी आता घरी जाऊन काय सांगू? पंचवीस वर्षं न्हाई म्हणले मी.”

बाहेर शिल्पा मॅडम वाण वाटत होत्या. ‘घ्या, घ्या, वाणाला नको म्हणू नये,’ असं त्यांचं चाललं होतं. तुळजाबाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

“वाण,” त्या म्हणाल्या. “वाणाला नको म्हणता येतं का? रथसप्तमीपत्तोर रोज कुणाकडं ना कुणाकडं हळदीकुंकू हाय. देवळातून येता येता तुझ्याकडून एकेक नेते. कुणी दिलं म्हणून इचारलं तर वाणात आलं. अन् मंजुश्री, तिला सांगायचं न्हाई. सिद्धेश्वराची आण हाय तुला.”

त्यांनी पहिला डबा उचलला, त्याच्यावरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली, डबा पदराखाली धरला आणि मानानं बाहेर पडल्या.

मग रोज सकाळी मंजुश्रीच्या दारात तुळजाबाई. कधी एक डबा, कधी दोन. एकदा चौकोनी संच अख्खाच नेला. “हे कोणाकडचं वाण सांगणार, मामी?” मंजुश्रीनं विचारलं. “गंजगोलाईतल्या व्यापाऱ्याच्या घरचं. त्यांचं सगळंच मोठं असतंय.” प्रत्येक चिठ्ठी आधी निघायची. जांभळाचा डबा तेवढा त्या रोज हातात घेऊन परत ठेवायच्या.

गुरुवारी तनुजा आली. कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली.

“ताई, माझे डबे?”

मंजुश्रीच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला.

“आत्याबाई रोज एक वाण आणायल्यात,” तनुजा म्हणाली. “गुलाबी झाकणाचा आणला तवाच मला शंका आली होती. म्हटलं, असंल सारखाच एखादा. तुम्ही माझे डबे वाण म्हणून वाटायलात, ताई?”

“तसं न्हाई तनुजा.”

“मंग कसं?”

सिद्धेश्वराची आण मध्ये उभी होती. “पहिला नंबर म्हणत होतात मला,” एवढंच बोलून तनुजा चहा न घेता निघून गेली. मंजुश्रीला ग्रुपवर लीडर झालेल्या बायकांचे फोटो रोज दिसत होते, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. तो भरलेला कप मात्र तिनं संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई आल्या तशी ती दारातच म्हणाली, “मामी, आता सांगा तिला. ती मला चोर समजायलीय. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या, पर माणूस जायलंय माझं.”

“मी सांगू? माझ्या तोंडानं?” तुळजाबाई आत गेल्या. कपाटापुढं उभ्या राहिल्या. नख चिठ्ठीवर ठेवलं, काढलं. शेवटी जांभळाचा डबा उचलला तो चिठ्ठीसकट, आणि या खेपेला पदराखाली न धरता उघडा हातात घेऊन गल्लीतून गेल्या.

तनुजा रविवारी आली. दारातच चप्पल काढली, सरळ मागच्या खोलीत जाऊन बसली. डोळे सुजलेले, तोंडावर हसू.

“सकाळी उठले तर वट्ट्यावर डबा. चिठ्ठी माझ्या तोंडापुढं येईल असा ठेवलेला. आत पावडर भरलेली. आत्याबाई म्हणल्या, ‘चमचा दे गं.’ मी चमचा दिला. बास.”

“तू काय बोललीस?”

“काय बोलू? ‘कुणाकडचं वाण, आत्याबाई?’ म्हटलं.”

“मंग?”

“‘हाय एकीचं,’ म्हणल्या. ‘बरं दिलंय.’”

मंजुश्री हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला. तनुजानं तिच्याकडं बघायचं टाळलं आणि कपाट उघडलं.

“किती राहिलेत, ताई?”

“सात.”

“रथसप्तमीला?”

“चार दिवस.”

तनुजानं बोटांवर हिशोब घातला. “एका दिवसाला दोन नेले तरच बसंल. आत्याबाईला सांगा. मी सांगितलं म्हणू नका.”

“न्हाई सांगत,” मंजुश्री म्हणाली आणि मोठे दोन डबे पुढच्या फळीवर काढून ठेवले. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या तशाच राहू दिल्या.