राईतली काठी

मार्गशीर्षातला गुरुवार. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून सकाळी सातला मी आणि माझी बायको शालन पिंपरीच्या स्टॉपवर उभे होतो. पिशवीत माझ्यासाठी भाकरी-पिठलं, तिचा महालक्ष्मीचा उपास म्हणून राजगिऱ्याचे लाडू, आणि फिरकीच्या तांब्यात पाणी. डोंगर काय पळून चाललाय का, असं ती दोन दिवस म्हणत होती. डोंगर नव्हता पळत, पण सोमवार येत होता.

मी टर्नर. सहा महिन्यांपूर्वी लेथच्या चकमधून सुटलेला जॉब, म्हणजे कातायला लावलेला लोखंडाचा तुकडा, माझ्या उजव्या गुडघ्यावर आदळला. तेव्हापासून मला स्टोअरमध्ये बसवलं होतं. येईल त्याला नट-बोल्ट काढून द्यायचे. दोस्तमंडळी 'काय स्टोअरकीपर साहेब' म्हणून चिडवायची. मी हसायचो, पण आतून जळायचो. सोमवारी कंपनीचे डॉक्टर ठरवणार होते, की मी मशीनवर परत जायचं की कायमचं खुर्चीत बसायचं. त्याआधी माझं मला कळायला हवं होतं. भामचंद्राचा डोंगर एका अंगाने चढायचा, दुसऱ्या अंगाने उतरायचा, वळसा घालून पुन्हा रस्त्याला लागायचं, आणि तेही काठीशिवाय. ठरवलं म्हणजे ठरवलं.

चाकणला गाडी बदलायची होती, तेवढ्यात भुईकोट किल्ला बघून घेतला. खंदकात बाभळी वाढल्या होत्या आणि पडक्या बुरुजावर शेळ्या चरत होत्या. मोगलांच्या अफाट फौजेपुढे हा एवढासा कोट जवळजवळ दोन महिने हटला नव्हता, असं मी शालनला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्याच भावकीतले असणार.

आंबेठाणच्या पुढे एका फाट्यावर एस.टी.ने सोडलं. वाट करवंदीच्या जाळ्यांतून वर जात होती. चढताना गुडघा कुरकुरला, पण मी त्याला भीक घातली नाही. वरच्या लेण्यांत गारवा होता. दगडात कोरलेले खांब, आत पिंड, आणि कोपऱ्यात कुणीतरी ठेवून गेलेली पणती. बाहेर कातळावर बसून मी जेवलो, शालनने लाडू खाल्ले. दक्षिणेला आमच्या कारखान्यांकडचा धुरकट पट्टा दिसत होता. इथवर आलो म्हणजे जिंकलोच, असं मला वाटलं.

कसलं काय! चढणं सोपं, उतरणं कठीण. मागच्या अंगाची घसरडी वाट लागली आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यात सुई टोचायला लागली. अर्ध्यात आल्यावर राई (देवीच्या नावाने राखलेलं रान) लागली. एवढी दाट, की भर दुपारी आत संध्याकाळ. जांभळीखाली एक वाळकी, सरळ फांदी पडली होती. मी चाकूने तिच्या गाठी तासल्या आणि टेकत निघालो. घरून आणली नाही म्हणजे शब्द मोडला नाही, अशी मनाची समजूतही घातली. शालनने नुसतं बघितलं.

खाली पहिलंच घर राईच्या गुरवांचं. अंगणात एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. तिने पाणी दिलं, कुठले-काय विचारलं. मग तिची नजर काठीवर गेली.

"ही राईतली हाय."

मी म्हणालो, पडलेलीच होती, मी काही तोडली नाही.

"आमी तितलं वाळलेलं पानबी चुलीला घालत न्हाई. ठिवून या."

मी काठी तिच्या पुढे धरली, तुम्हीच ठेवा म्हटलं. तिने हात मागे घेतला. ज्याने उचलली त्यानेच ठेवायची, अशी तिथली रीत. देवीचा कोप होतो का, असं मी जरा कुत्सितपणेच विचारलं.

"कोपाचं मला ठावं न्हाई," ती शेंगा निवडता निवडताच म्हणाली. "पन आज तुमी काठी न्याल, उद्या कुनी फांदी न्येईल, मंग टरकात घालून झाडं जात्याल."

सहा महिने मी त्या खुर्चीत बसून दुसरं काय करत होतो? चिठ्ठीशिवाय साधा वायसरसुद्धा बाहेर जाऊ देत नव्हतो. मोठमोठ्या फोरमनला परत पाठवलं होतं. मला लाज वाटली.

शेवटची एस.टी. पाचला होती. चार वाजून गेले होते. शालन म्हणाली, "अहो, जाऊन या. गाडी गेली तर चालू."

काठी टेकत वर गेलो. जांभळीखाली, होती तिथेच ठेवली. मग रिकाम्या हातांनी वळलो आणि सांगतो, घाबरलो. खाली वाट दिसत होती आणि पाऊल उचलत नव्हतं. सोमवारचा निकाल डॉक्टर नाही, ही उतरण लावणार होती. दात-ओठ खाल्ले, उताराला अंग आडवं केलं आणि एकेक पाय टेकवत निघालो. दोनदा बसलो. एकदा चक्क रडू आलं, ते आवरलं नाही. पण उतरलो.

गाडी अर्थातच गेली होती. फाटा सोडून आम्ही बराच वेळ चालत होतो. मग कांद्याची पोती घेऊन चाकणला निघालेल्या बैलगाडीवाल्याने जागा दिली. घरी पोहोचून शालनने दिवा लावला आणि नैवेद्य दाखवून उपास सोडला. माझा गुडघा तोवर भोपळ्याएवढा झाला होता. तरी त्या रात्री मी जसा झोपलो तसा सहा महिन्यांत झोपलो नव्हतो. मशीन मिळो न मिळो, अधू झालो ही भीती डोंगरावरच सुटली होती.

सोमवारी डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला. सूज पाहून वैतागले. आणखी पंधरा दिवस स्टोअर, मग मशीन, असं म्हणून त्यांनी कागद पुढे ओढला.

"चालताना काठी लागते का?"

"लागली होती साहेब," मी म्हणालो. "परत करून आलो."