पडीक म्हणून रंगवलेली टेकडी

शिक्षण संपल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती नकाशे काढायची. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली जमीन माणसाला काय काय देते, पाणी कुठे मुरतं, चारा, सरपण, रानभाज्या कुठे मिळतात, हे आम्ही नकाशावर मांडत होतो. कुठे बांधकाम होऊ द्यायचं आणि काय राखायचं, हे त्यावरून गावांना ठरवता यावं, असा हेतू होता.

पळसदरीच्या पुढे माझ्या मामाचं गाव. उपग्रहाच्या चित्रावरून केलेल्या आमच्या नकाशात गावामागची टेकडी करड्या रंगाची होती. करडा म्हणजे पडीक. लहानपणी मे महिन्यात मी मामीच्या मागे त्याच टेकडीवर हिंडायचे, करवंदांच्या चिकानं बोटं काळी व्हायची. तरी ऑफिसात बसून तो करडा रंग मीच भरला होता.

मामीला अंगणात नकाशा दाखवला. तिला वाचता येत नाही. ओढा कुठला ते मी बोटानं दाखवलं, तसा तिनं कागद फिरवून टेकडीच्या दिशेला लावला.

"आनि ह्ये मातकट काय गं?"

"पडीक जमीन."

"पडीक? कोन म्हनतं?" तिनं कोयता कमरेला खोचला. "चल, दाखवते."

एप्रिलचं ऊन होतं. मामी पुढे, फोनवर खुणा करत मी मागे. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला राब लागतो, त्यासाठी ज्यांच्या फांद्या तोडतात ती ऐनाची झाडं तिनं दाखवली. गुरांचं गवत दाखवलं. उंबराखालच्या झऱ्यातली वाळू तिनं हातानं उकरली आणि आम्ही बसून राहिलो. हळूहळू ओंजळभर पाणी जमलं. लहानपणी मी हेच पाणी पानाच्या द्रोणातून प्यायचे. मी फोनवर तिथे झऱ्याची खूण केली.

पुढे एका घळीशी मी पुन्हा फोन काढला, तर मामीनं माझा हात धरला.

"हितं नको. हितं मिरगाच्या आदी भाजीची शेवळं येतात. तुज्या नकाशात आलं की शनवार-रविवारची मानसं पिशव्या घिऊन येतील. कंद बी ठेवायची नायत."

मी फोन खिशात टाकला. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "या घळीत काहीच नाही?" मी म्हटलं, "खूप आहे, पण दाखवणारीनं खूण करू नको म्हणून सांगितलंय." ते जरा चिडले, मग म्हणाले, "राहू दे."

पावसाळ्यानंतर ग्रामसभेत आम्ही नवा नकाशा लावला. त्याच सभेत फार्महाउसच्या रस्त्यासाठी टेकडीचा मुरूम काढायचा विषय होता. मामी आजवर सभेत कधी बोलली नव्हती. बायकांमधून ती उठली, नकाशातल्या झऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बोर आटतात तवा तुमी समदी हितंच हंडं घिऊन येता ना? वरचा डोंगर खनलात तर ह्ये पानी कुटनं येनार?"

कोणीतरी हसलं. मग एक म्हातारे म्हणाले, "खरं बोलतेय ती." झऱ्याच्या वरच्या अंगाला खणायचं नाही, असा ठराव झाला.

सगळंच राखता आलं नाही. गवताचा उतार चुलतमामाच्या वाटणीचा होता. त्यानं तो विकला. आता तिथे कुंपण आहे, आत बंगले आहेत. मी मामीपाशी हळहळले तर ती म्हणाली, "त्याची जमीन व्हती, त्यानं इकली. भांडून गवत उगवतंय व्हय?" चारा नाही म्हणून दोन गाई मात्र तिला विकाव्या लागल्या. त्या दिवशी ती जेवली नाही, असं मामानं मला नंतर सांगितलं.

ठराव अजून पाळला जातो. या उन्हाळ्यात गेले तेव्हा मामीचे गुडघे धरले होते, तिला टेकडी चढवेना. मी एकटीच निघाले, तर अंगणातून ती ओरडून वाट सांगत राहिली. मला वाट पाठ होती, तरी मी प्रत्येक वळणावर थांबून "हो मामी" म्हणत होते.