पदरावरचा टोपीवाला

शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत बसले होते, तेव्हा माझ्या भावजयीचा, शोभाचा, फोन आला. "आक्का, या तुम्ही. सावकाश या. आता घाई करून काय उपयोग न्हाय." एवढंच बोलली. उरलेल्या दाखल्यांवर मी शिक्के मारले, कपाटाला कुलूप घातलं आणि निपाणीच्या स्टँडवरून बेळगावची बस धरली. तिथल्या वडगावात, माहेरी, पोचले तेव्हा विजयला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. माझा धाकटा भाऊ. विणकर. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. आतल्या खोलीत हातमागावर त्याची साडी अर्धवट होती. तिच्याविषयीच लिहायचं आहे, कारण शेवटचं वर्ष तो त्या साडीसाठी जगला आणि ती पुरी झाली नाही.

सुरुवात शेजारच्या शहापुरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानापासून करावी लागेल. शाळकरी वयात विजयला साड्यांचा गठ्ठा पेढीवर पोचवायला पाठवलं की तो हमखास तिथं सापडायचा. मला शोधायला पाठवलं जायचं. पडद्यावर एक ठेंगणा माणूस पळायचा, उड्या मारायचा, खड्ड्यात पडून मरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून पळायचा. त्याचं खरं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही. डोक्यावर टोपी होती, म्हणून तो टोपीवाला. पुढे टीव्हीला जोडायचं कॅसेटवालं यंत्र घरात आलं आणि मीसुद्धा खेळू लागले. मागावर बसलेले आप्पा, आमचे वडील, आतून ओरडायचे, "तो उड्या मारून आमच्या कांड्या भरून देणार हाय का रं?" विजय म्हणायचा, "एवढा खड्डा वलांडू द्या आप्पा, मग भरतो." शेवटी कांड्यांवर सूत मीच गुंडाळायची.

त्या टोपीवाल्याचे नवे खेळ येत राहिले. दर काही वर्षांनी तो जास्त गुबगुबीत, जास्त चकचकीत होऊन यायचा. विजयनं ते सगळे पाहिले, आणि परत त्या पहिल्या, चौकोनी माणसाकडे गेला. मी एकदा विचारलं, एवढं काय आहे त्यात? तो म्हणाला, "नव्याच्या मिशीचा केस न् केस दिसतोय आक्का. लई खरा झालाय. त्यात मी कुठं बसू?" मग त्यानं आलेखाच्या कागदावर तो जुना माणूस चौकोन भरून काढून दाखवला. आमच्याकडे पदरावरचा मोर असाच काढतात, एक चौकोन म्हणजे एक धागा. मला तेव्हा उमगलं. मोर पहिल्यांदा कुणी काढला हे वडगावात कुणाला ठाऊक नाही, तरी प्रत्येक घराला तो काढता येतो. थोड्या चौकोनांत बसणारी आकृती डोक्यात राहते आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाते. टोपीवाल्याचंही तेच झालं होतं.

मग विजयची मूत्रपिंडं गेली. उपचारांसाठी घरचे पॉवरलूम विकले, आप्पांचा एक हातमाग तेवढा राहिला. डायलिसिसला मी सोबत जायची तेव्हा विजय उजव्या हातात खेळायचं छोटं यंत्र धरून पडलेला असायचा. शेजारच्या खाटेवर चिकोडीकडचे एक शेतकरी असत, दिवसभर कुणाशी बोलत नसत. एकदा त्या यंत्रातून उडीचा आवाज आला आणि ते मान वळवून कानडीत म्हणाले, ह्याच्यापायी मी शाळा बुडवून मार खाल्लाय. विजयनं यंत्र त्यांच्याकडे दिलं. दोघांच्या हातात सुया, आणि आळीपाळीनं एका माणसाला खड्डे ओलांडायला लावत होते... पुढे ती खाट रिकामी झाली. नंतर कितीतरी दिवस ते यंत्र पिशवीतच राहिलं.

आमच्या घरात मुलगी हळदीला घरच्या मागावरची साडी नेसते. विजयच्या मुलीचं, रूपाचं, लग्न ठरलं आणि ती म्हणाली, "पप्पा, पदरावर मोर नको. टोपीवाला पाहिजे." लहानपणी बापाच्या मांडीवर बसून तीही तोच खेळ शिकली होती. डायलिसिसच्या सुयांसाठी फिस्टुला केलेल्या डाव्या हातावर जोर द्यायचा नाही अशी सक्त ताकीद होती, आणि विणलेला धागा घट्ट बसवणारी फणी ठोकायला तोच हात लागतो. शोभा रडली, मी रागावले. विजय म्हणाला, "ठोकत न्हाय गं, थोपटतो." आणि मागावर बसला.

त्या साडीत चूक झाली. आमच्याकडे कापड पालथं विणतात, सुलटी बाजू खाली. ती दिसावी म्हणून खाली आरसा ठेवलेला असतो. आरशात टोपीवाला उजवीकडे पळताना दिसत होता, खेळात पळतो तसाच. साडी मागावरून उतरवून उलटली, तर सगळे टोपीवाले डावीकडे पळत होते. पालथ्या कापडातलं आरशात सरळ दिसलं, की सुलट्या बाजूला उलटं निघतं. आमचे मोर नेहमी जोडीनं, समोरासमोर असतात, ते उलटे झाले तरी तसेच दिसतात. म्हणून आयुष्यभर विणून विजयला हे कधी ध्यानात घ्यावं लागलं नव्हतं. शेजारचे मारुतीअण्णा, तेही विणकर, बघून म्हणाले, "काय बिघडलं विजू? घाबरून माघारी पळालाय म्हणायचं."

विजय हसला नाही. "ह्या खेळात माघारी वाट नसती अण्णा," म्हणाला.

त्यानं जकार्डचे पत्ते नव्यानं पाडले. पत्ते म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. मागाच्या डोक्यावर टांगलेल्या असतात आणि कुठला धागा उचलायचा ते सांगतात. मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला. बाकी साडी विणून झाली, पदर लागला. आता आरशात टोपीवाला डावीकडे पळायचा आणि विजय समाधानानं मान डोलवायचा. पण दिवसाकाठी बोटभरही कापड वाढेना. मी बजावलं, अण्णांना विणू दे. "पदर झाला की देतो," म्हणाला. एका सकाळी डायलिसिसला निघताना चपला घालायला उंबऱ्यावर बसला, तो तिथून उठला नाही.

शोभा म्हणते, त्या टोपीवाल्यानं खाल्लं ह्यांना. डॉक्टर तसं म्हणत नाहीत. मला ठरवता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी आवराआवरीला लागले. औषधं परत केली, उसनी आणलेली खाट ज्याची त्याला दिली, बँकेची कामं उरकली. माग राहिला. मारुतीअण्णा म्हणाले, "पत्ते तयार हाईत. दोन-तीन दिवसांत पुरा करून देतो." मला पटलं. हातातून हातात जाण्यासाठीच तर ती आकृती आहे, असं मी रूपाला समजावलं. तिनं ऐकून घेतलं. "दुसरी कुठली पण साडी अण्णांनी विणू दे आत्या. ही न्हाय." लग्न पुढे ढकललं आहे. हळदीला ती पहिली, उलट्या टोपीवाल्याची साडीच नेसणार आहे.

मागच्या आठवड्यात वडगावला गेले, तेव्हा धूळ पुसायला मागाखाली वाकले. आरसाही पुसला. आत शेवटची ओळ दिसली. ओळभर पाय, पळतानाचे... कमरेच्या वर काही नाही. पोट, मिशी, टोपी सगळं वर टांगलेल्या पत्त्यांत आहे. मागावर चादर घातली. आरसा तिथंच राहू दिला.