सात हजार सातशे शहात्तर वाती

गणितवाल्याच्या घरी संसार केला की किस्से शोधावे लागत नाहीत. कोठीची खोली आवरायला काढावी आणि प्रत्येक डब्यात काहीतरी निघावं, तसं होतं. माझ्या डब्यात वाती निघतात.

स्वातंत्र्यानंतरचं दुसरं वर्ष. आम्ही सौंदडला राहायचो. हे रोज गाडीने गोंदियाला हायस्कुलात शिकवायला जायचे आणि परतले की एकाच गणिताला बसायचे. ते सुटलं आणि नागपूरच्या प्रोफेसरांना पटलं, तर कॉलेजात जागा मिळणार होती. मी महादेवाला नवस बोलले, "गणित सुटू दे. जितकं उत्तर येईल तितक्या वाती लावीन." मला वाटलं, उत्तर येऊन येऊन किती येणार? सात, फार तर बारा.

पंधरा दिवसांनी हे हसत आत आले. "सुटलं."

"किती आलं?"

"सात हजार सातशे शहात्तर."

हातातली परात मी तशीच खाली ठेवली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, तू नवस बोलली का कापसाची जिनिंग काढली?"

*

ते गणित मला आलं तेवढं सांगते. कागदावर पाच लंबगोल काढलेले. पाचांनाही स्पर्श करून जाणारे आणखी किती लंबगोल निघतील, ते मोजायचं. एकेका स्पर्शाचं एकेक समीकरण, प्रत्येक सहाव्या घाताचं. अशी पाच. म्हणून सहा पाच वेळा मांडायचे आणि गुणायचे, की आले सात हजार सातशे शहात्तर.

रविवारी ह्यांच्या शाळेतले बिसेन गुरुजी यायचे. दोघं ओसरीवर, सासूबाई बाजूला तांदूळ निवडत. एकदा हे एका छोट्या गणितावर म्हणाले, "उत्तरं चार. दोन दिसतात, दोन दिसत नाहीत."

सासूबाईंचं सूप थांबलं. "दिसत नाही त कायले मोजून राहिला?"

"माय, न दिसणारे छोड दिले तर गिनती बिगडते," बिसेन गुरुजी म्हणाले.

सासूबाई उठल्या. आत गेल्या, देवापुढचा अंगारा आणला आणि दोघांच्या कपाळाला लावला. "शाळेत सांगू नका. पोट्टे भितेत."

*

दुसरी एक रीत होती ह्यांची. रेघ वर्तुळाला नुसती चाटून गेली, तर तिथे बिंदू एक दिसतो, पण मोजायचा दोनदा. मला हे काही पटत नव्हतं. एकाचे दोन कसे?

तेवढ्यात माझ्या सोमवारांचं उद्यापन आलं. पाच सवाष्णी जेवायला हव्यात आणि पानं वाढली तर बाया चारच. भाताच्या रोवण्याचे दिवस, कोण येणार? मला रडू फुटलं. सासूबाईंनी बिसेनवहिनींकडे बोट केलं. "हे दोन जीवांची हाय. झाल्या पाच."

हे दारातून म्हणाले, "माय, मी वर्षभर हेच सांगून राहिलो."

तीन महिन्यांनी बिसेनवहिनींना जुळं झालं. सासूबाई बारशाला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी सहा जेवल्या."

*

माहेर माझं वर्ध्याकडचं. तिथून कापूस आला आणि मी वाती वळत राहिले. सूत दोन बोटांभोवती फिरवायचं, त्याचा फासा काढायचा, दोन्हीकडून ओढायचा, पीळ द्यायचा. प्रोफेसरांपुढे गणित वाचायला ह्यांना नागपूरला जायचं होतं, त्याला दोन दिवस होते आणि माझा शेवटचा डबा भरत आला होता.

एक फासा ह्यांच्या कागदावर पडला. गोलच होता. उचलायला म्हणून मी दोन्ही टोकं ओढली, तर त्याची सरळ रेघ झाली, दोरा दोऱ्यावर बसलेला. ती रेघ पाचही लंबगोलांवरून आडवी गेली.

मी सहज विचारलं, "अहो, ही पण धरली का?"

"ती कापून जाते. स्पर्श कुठे करते?"

"पण दोरा दुहेरी आहे ना. जिथे कापेल तिथे दोनदा कापेल. दोनदा म्हणजे स्पर्श, असं तुम्हीच म्हणता."

ह्यांनी दोरा पुन्हा कागदावर ठेवून पाहिला. पेन्सिल खाली पडली, ती उचलली नाही. कागदावरची समीकरणं एकेक तपासून म्हणाले, "असल्या रेघा माझ्या पाचही समीकरणांत बसतात. ह्या लंबगोल नाहीतच. मी खोटी उत्तरं मोजली."

मला वाटलं, कॉलेज गेलं, आणि ते माझ्या तोंडाने गेलं.

*

बिसेन गुरुजी म्हणाले, "ऐसाच वाच ना यार. तिथं कोण मोजायला बसलं?"

"मला माहीत आहे ना," हे म्हणाले. प्रोफेसरांना कार्ड टाकलं, उत्तर चुकलं आहे, मुदत द्या.

चार महिने घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मी पुन्हा सोमवार धरले. शेवटी खरी उत्तरं निघाली तीन हजार दोनशे चौसष्ट. अर्ध्याहून जास्त गळाली.

नागपूरला प्रोफेसरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हे उत्तर जुनंच आहे, पुस्तकात छापलेलं. तुमचं ते कार्ड आलं, त्याच दिवशी मी कॉलेजला तुमचं नाव कळवलं."

*

त्रिपुरी पौर्णिमेला मी तीन हजार दोनशे चौसष्ट वाती महादेवाला लावल्या. उरल्या चार हजार पाचशे बारा. सासूबाई म्हणाल्या, "चुकलेल्या उत्तराच्या वाती देवाले कायले लावते?"

ह्यांनी कधी देवापुढे हात जोडले नव्हते. त्यांनी डबे स्वतःकडे ओढले. "ह्या माझ्या चुकीच्या. तिन्हीसांजेला रोज एक मी लावत जाईन." बारा वर्षांहून जास्त पुरतील, तेही तिथेच सांगितलं.

कॉलेजात दहावं वर्ष लागलं, तरी लावताहेत. रोज एक, नेमाने.

गेल्या पावसाळ्यात मी दवाखान्यात होते. आठ दिवस मला शुद्ध नव्हती, असं नंतर कळलं. घरी आल्यावर डबा हलका लागला म्हणून मी मोजल्या. असायला हव्या त्याहून पुष्कळच कमी.

मी विचारलं, "तुम्ही रोज एक लावता ना? मग जास्तीच्या किती लावल्या?"

हे खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मोजल्या नाहीत."

बायांनो, एवढं माझं ऐका. घरच्या माणसासाठी नवस बोलाल, तेव्हा मी सोडला तसा तुम्हीही आकडा त्या माणसावरच सोडा.