गठ्ठ्यावरची रेघ

मी स्वभावाने संशयी आहे आणि मला त्याची अजिबात खंत नाही. वडील कलकत्त्याला खिदिरपूरच्या बंदरावर कस्टममध्ये अधिकारी होते. जेवताना ते सांगत, "ज्या पेटीचे कागद फार नीटनेटके, ती आधी उघडायची." आई म्हणायची, "इथे पेटी नाही, आमटी आहे. गार होतेय." अशा घरात वाढलेली मुलगी भोळी कशी निघणार?

सत्तरच्या दशकात मी तिथल्याच एका विद्यापीठात संशोधन करत होते. सूर्यात ऊर्जा तयार होते तशी पृथ्वीवर करायची, तर वायू इतका तापवावा लागतो की त्याचा प्लाझ्मा होतो, आणि मग तो कुठल्याच भांड्यात राहत नाही. त्याला चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरावं लागतं. पण तो थरथरतो आणि निसटतो. कधी आणि कसा निसटतो, हे आम्ही गणिताने शोधत होतो. आमच्याकडे ना चुंबक होता, ना प्लाझ्मा. होते ते सर, त्यांचा जुना विद्यार्थी, ज्याला सगळे दादा म्हणत, मी, आणि वीज गेली की बंद पडणारा एक पंखा.

संगणक शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेत होता. सगळं गणित भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवायचं, गठ्ठा तिकडे पोचवायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं. सरांचा एक नियम होता: आपली कार्डं आपण चालवायची नाहीत. "आपल्याच पोराचा पेपर कोणी तपासतं का?" ते विचारायचे. म्हणून माझी कार्डं दादा न्यायचा, संदेश मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घालून. कधी कधी ती मुंग्यांसकट परत यायची.

त्या हिवाळ्यात माझा प्लाझ्मा निसटायचा थांबला. कागदांवर आकडे शिस्तीत उभे होते, कुठे थरथर नाही की गळती नाही. मला आभाळ ठेंगणं झालं. कारण घरात वडिलांच्या मुंबईच्या बदलीचा हुकूम येऊन पडला होता, आणि आईची अट होती की उन्हाळ्यापर्यंत हाती काही ठोस लागलं तरच मी इथे राहून डॉक्टरेट पुरी करायची, नाहीतर गुपचूप सगळ्यांबरोबर गाडीत बसायचं. माझा सगळा जीव त्या आकड्यांत अडकला होता.

सर कागद पाहून एवढंच म्हणाले, "बरं आहे. पुन्हा चालवून घे."

पुन्हा चालवून घेतलं, तर प्लाझ्मा सपशेल निसटला. तीच कार्डं, तोच संगणक! दादाला विचारलं तर त्याने खांदे उडवले. "प्लाझ्मा आहे. त्याची मर्जी."

कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं. दादाचं स्वतःचं काम कित्येक वर्षं रखडलं होतं. मागून आलेली मी पुढे गेले असते, तर तो काय टाळ्या वाजवणार होता? मी आत शिरले की तो आणि सर बोलायचे थांबत, हेही मी टिपून ठेवलं होतं. घरी वडिलांचा संशय निराळाच. "हा मुलगा रोज ट्रामपर्यंत कशाला येतो?"

"माझी कार्डं न्यायला."

"सगळे असंच म्हणतात," वडील म्हणाले.

मी सगळी कार्डं नव्याने पाडली. गठ्ठा हातातून पडला तर क्रम लावता यावा म्हणून आम्ही त्याच्या कडेवर लाल पेन्सिलीने एक तिरकी जाड रेघ मारत असू. तशी मी मारली. मग तिच्याखाली टोकदार शिसपेन्सिलीने दुसरी रेघ ओढली, इतकी बारीक की मलाच ती खिडकीपाशी धरून बघावी लागत होती. खोका दादाच्या हातात देताना मी गोड हसलेसुद्धा.

गठ्ठा परत आला. प्लाझ्मा पुन्हा निसटलेला. लाल रेघ अखंड होती. बारीक रेघ मात्र एका जागी तुटली होती. तिथलं कार्ड माझं नव्हतं! पठ्ठ्याने नवं कार्ड घालून त्याच्या कडेवर लाल ठिपकाही दिला होता.

मी गठ्ठा त्याच्या टेबलावर आपटला आणि आमच्या नेहमीच्या हिंदी-बंगाली खिचडीत त्याला चोर म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. दादा गठ्ठा उजेडाकडे धरून ती रेघ न्याहाळत म्हणाला, "ही युक्ती चांगली आहे. मला सुचली नव्हती."

"कार्ड का बदललंस?"

"सर सांगतात. निकाल फार नीट आला की त्या माणसाचं एक कार्ड बदलायचं आणि त्याला सांगायचं नाही. ज्याचं त्याने शोधायचं. माझंही बदललं होतं. आता बघ, मी काय बदललं ते."

मी पाहिलं. त्याने काळाचं पाऊल लहान केलं होतं, बस. आमचं गणित प्लाझ्माकडे सतत बघत नसे, ठरावीक अंतराने डोकावत असे. मी ते अंतर मोठं ठेवलं होतं. दूध तापत ठेवून बाहेर गप्पा मारत बसावं, तसं. मधल्या वेळात प्लाझ्मा थरथरत होता आणि माझ्या गणिताला ती थरथर दिसतच नव्हती. माझा शिस्तीतला निकाल खोटा होता.

मी तिथेच रडले. दुःखाने कमी, संतापाने जास्त. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. शोधलं नसतंस." हे खरं होतं, म्हणून आणखीच राग आला. अजूनही येतो.

घरी जाऊन सांगितलं, निकाल खोटा निघाला, सामान बांधा. आईने पाणी दिलं. वडिलांनी विचारलं, "पेटी उघडली कोणी?"

"त्यानेच. ट्रामवाल्याने."

वडिलांनी बदलीचा हुकूम घडी करून खिशात ठेवला. मग आईला म्हणाले, "हिला राहू दे इथे. जिथे लोक एकमेकांच्या पेट्या उघडतात, तिथे पोरगी फसायची नाही." भवानीपूरच्या एका जुन्या मराठी कुटुंबात माझी सोय झाली आणि घरचे मुंबईला गेले. स्टेशनवरसुद्धा वडिलांनी दादाला आपादमस्तक तपासलंच.

पावसाळ्यात दादाचा निकाल आला. इतक्या वर्षांनी, नीट, हवा तसा. सरांनी खोका माझ्याकडे दिला आणि हळूच म्हणाले, "एक कार्ड."

कोपऱ्यातून दादा बघत होता, पण बघत नसल्यासारखं. त्याची त्या निकालावर किती आशा होती, हे मला ठाऊक होतं. गठ्ठा मी खिडकीपाशी नेला. जाड लाल रेघेखाली एक बारीक रेघ होती, जेमतेम दिसणारी. मी खरंच कार्ड बदलते की दया दाखवते, हे त्याला तपासायचं होतं.

मी काळाचं पाऊल निम्मं केलं, नवं कार्ड घातलं. बारीक रेघेत पांढरी फट पडली. ती तशीच राहू दिली.

गठ्ठा परत आल्यावर निकालाचे कागद त्याने बाजूला ठेवले. आधी कार्डांच्या कडेवरून बोट फिरवत तो फटीपाशी थांबला.

"राक्षसीण," तो हसत म्हणाला. आणि निकाल न बघताच मला चहा पाजायला घेऊन गेला.